पॅटर्न शॉपची वजाबाकी

मृदुला शेणोलीकर दुपारी एकच्या ठोक्याला डबा उचलायची आणि हिशेबाच्या खोलीतून निघून, साचेघर ओलांडून, थेट पॅटर्न शॉपमध्ये जायची. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. तोरस्कर पंप्समध्ये तिला सगळे मॅडम म्हणत. पॅटर्न शॉपमधले अण्णाप्पा बडिगेर मिस्त्री मात्र तिला अक्का म्हणत. ती त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान होती, पण त्यांच्याकडे सीमेवरच्या गावात मान द्यायच्या बाईला अक्काच म्हणतात.

पॅटर्न शॉप म्हणजे कारखान्यातलं सुतारकाम. पंपाचा जो भाग बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची. ती वाळूत दाबली की साचा तयार होतो. पण ओतलेलं बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आक्रसतं, म्हणून प्रतिकृती तेवढी मोठी ठेवावी लागते. बडिगेर मिस्त्रींची मापाची पट्टीच मुळी जगाच्या पट्टीपेक्षा लांब होती. "माझा फूट तुमच्या फुटापेक्षा दांडगा हाय," असं ते नव्या माणसाला हसत सांगत.

त्यांच्या बाकावरचा लाकडाचा भुसा फुंकून मृदुला डबा उघडायची. फार बोलणं व्हायचं नाही. भाजी कसली, ऊन किती, असलंच. पण तेवढ्या पाऊण तासात तिच्याशी कामाखेरीज कुणीतरी बोलायचं. घरी ती एकटीच होती. लग्न केलं नव्हतं, आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि बहीण वर्षाकाठी दोनदा फोन करायची.

गोष्ट आहे २०३९ सालची. तोवर वाळूचे साचे छापणारी यंत्रं आली होती. संगणकावर चित्र टाकलं की यंत्र थरावर थर देत साचा उभा करी. लाकडाची प्रतिकृती लागतच नसे. तोरस्करांकडे असं एक यंत्र होतं आणि नवे पंप सगळे त्यावरच होत. पॅटर्न शॉपकडे उरले होते ते तीस-तीस वर्षं जुन्या पंपांचे सुटे भाग. तरीही दर तिमाहीच्या पत्रकात पॅटर्न शॉप थोडंसं का होईना, फायद्यात दिसायचं.

ते फायद्यात का दिसायचं, हे फक्त मृदुलाला माहीत होतं.

कारखान्याचे काही खर्च कुणा एका खात्याचे नसतात. पहारेकरी, विजेचा स्थिर आकार, ऑफिसचे पगार, इमारतीचा घसारा आणि डागडुजी. हे सामाईक खर्च खात्यांत वाटावे लागतात, आणि कसे वाटायचे हे कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे इथे मृदुला, ठरवते. जागेच्या हिशेबाने वाटले, तर कारखान्याची सहावा हिस्सा जागा अडवून बसलेलं पॅटर्न शॉप तोट्यात जाई. यंत्रांच्या तासांवर वाटले, तर जिथे हातानेच काम चालतं त्या खात्यावर जवळजवळ भार येत नसे. पुस्तकाप्रमाणे दोन्ही रीती बरोबर. नऊ वर्षांपूर्वी मृदुलाने जागेची रीत सोडून यंत्रतासांची धरली. तसं टिपणही लिहिलं, चांगलं दीड पानी. हिशेब तपासणीसांनी मान डोलावली. टिपणात सगळी कारणं होती. एक सोडून.

*

मालक इंद्रजित तोरस्कर चौतिशीचे होते. वडील गेल्यावर कारखाना त्यांच्याकडे आला. माणूस सरळ, पण कर्जाच्या हप्त्यांनी आणि परदेशी पंपांनी बेजार. त्या वर्षी त्यांनी पुण्याहून 'अभाव-गणक' नावाचा हिशेबी संगणक आणला.

"मृदुलाताई, याला कारखाना शिकवायचं काम तुमचं," ते म्हणाले. "तुमच्याइतका आपला हिशेब कुणाला माहीत नाही."

ती चार महिने त्या कामात बुडून गेली. अगदी खरं सांगायचं तर, नोकरीत इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. सामाईक खर्च वाटायचा कसा, हा तिच्या धंद्यातला शंभर वर्षांचा जुना वाद. घरात चार माणसं आहेत आणि एक दिवा आहे; दिव्याचं बिल चौघांत कसं वाटायचं? जो जास्त वाचतो त्याने जास्त द्यायचं, की सगळ्यांनी सारखं? काहीही करा, ती मनाची समजूतच. अभाव-गणक म्हणे, वाटूच नका. एका माणसाला उणं करून बघा. तो नसता तर बिलात काय फरक पडला असता? जो फरक पडेल तेवढाच त्याचा खरा खर्च. बाकीचा दिवा कुणाचाच नाही.

हे बोलायला सोपं. प्रत्यक्षात एखादं खातं काढून टाकून बघता येत नाही. अभाव-गणक मात्र विजेच्या तारा, भट्ट्या, हजेरी, ऑर्डरी, मालाच्या गाड्या, पत्रव्यवहार, सगळ्यावरून कारखान्याची आतल्या आत एक जुळी प्रतिमा उभी करी. मग त्या प्रतिमेतून एकच गोष्ट काढून घेई आणि पुढची पाच वर्षं चालवून बघे. एकदा नाही, दहा हजार वेळा. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं काय उभं राहिलं असतं, म्हणजे हातची कुठली संधी आपण दवडतोय, तेही तो मोजी. पूर्वी घालून बसलेला पैसा तो धरीत नसे. गेला तो गेला. शेवटी एका ओळीत एक आकडा येई : ही गोष्ट नसती तर.

कामगारांनी त्याचं नाव ठेवलं 'वजावाला'.

शिकवता शिकवता मृदुलाला एकदा स्वतःचंच घर आठवलं. आई गेल्यानंतरच्या महिन्यात विजेचं बिल आलं होतं. आधीच्यापेक्षा फक्त चौऱ्याहत्तर रुपयांनी कमी. भाडं तेवढंच, दूध अर्धा लिटर कमी, मोलकरणीचा पगार तेवढाच. ब्याऐंशी वर्षं जगलेलं माणूस उणं झालं आणि घरखर्च जवळपास होता तिथेच राहिला. त्या दिवशी ते बिल हातात घेऊन ती बराच वेळ दारातच उभी राहिली होती. आता तिला वाटलं, यंत्राला तेव्हा विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, आणि ते चूक ठरलं नसतं.

*

निकाल एका मंगळवारी सकाळी आले. एकशे बारा ओळी होत्या. मृदुलाने आधी पॅटर्न शॉपची काढली.

पॅटर्न शॉप नसतं, तर कारखान्याला वर्षाला एक कोटी चाळीस लाख जास्त मिळाले असते. त्या जागेत साचे छापणारं दुसरं यंत्र बसलं असतं. जुने सुटे भागही, जुन्या पंपांची मापं एकदा घेऊन, त्यावरच निघाले असते. इथे जागेची रीत आणि यंत्रतासांची रीत असा प्रश्नच नव्हता. कशीही वाटणी करा, पॅटर्न शॉप त्यातून वाचत नव्हतं.

मग तिने सहज, म्हणजे सहज नव्हे, पण सहज असल्यासारखं, यादीत आपलं खातं शोधलं. कॉस्टिंग विभाग, कर्मचारी एक. पुढे वेगळा आकडा नव्हता. पगाराइतकी बचत, आणि त्यापलीकडे तीन शब्द : 'फरक आढळला नाही.'

तिने चष्मा पुसला. एकदा तिने गणित उलटं तपासलंही. चूक कुठेच नव्हती. जे ती करत होती ते आता गणक करत होता, आणि तिनेच त्याला ते शिकवलं होतं. स्वतःबद्दल तिला फारसं काही वाटलं नाही. निदान तिला तसं वाटलं. तिच्या मनात सारखी पॅटर्न शॉपची ओळ येत होती.

एक वाट होती. गणकाला दिसतं तेवढंच तो मोजतो. बडिगेर मिस्त्रींच्या डोक्यात दोन हजार जुन्या प्रतिकृती होत्या. कुठला भाग कुठे जाड ठेवायचा, कुठल्या कोपऱ्यात बीड फाटतं, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते ज्ञान 'संपत्ती' म्हणून नोंदवलं आणि त्याला अंदाजाने एक किंमत लावली, तर ओळ फिरली असती. अंदाज कुणी तपासणार नव्हतं. अंदाज लावणं हेच तर तिचं काम होतं.

एक वाजला. तिने डब्याबरोबर टिपणवही घेतली.

*

"मिस्त्री, तुम्हाला जे जे ठाऊक आहे ते मला सांगायचं. अगदी पहिल्यापासून. मी लिहून घेते."

बडिगेर भाकरी मोडत होते. त्यांनी वहीकडे पाहिलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यामुळे ते मान किंचित वळवून बघत.

"आज काय मधीच?"

"वजावाल्यात घालायचंय."

"दुकान तर फायद्यात हाय की. दर तिमाहीला तुमीच सांगता. मग माझ्या डोक्यातलं काढून त्याला कशाला घालायचं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा असतो. तो निघून गेला.

"अक्का," ते म्हणाले, "खरं सांगा."

तिने सांगितलं. जागेची रीत, यंत्रतासांची रीत, नऊ वर्षांपूर्वीचं टिपण, आज सकाळचा आकडा. समजेल अशा शब्दांत, काही न लपवता. सांगताना तिला वाटत होतं की ते शेवटी मान हलवतील, म्हणतील, अक्का, तुमी आमच्यासाठी एवढं केलंसा.

बडिगेरांनी भाकरी खाली ठेवली.

"म्हंजे माझं दुकान चालतंय म्हणून तुमी हितं जेवायला येत न्हवता," ते सावकाश म्हणाले. "तुमी हितं जेवायला येता म्हणून दुकान चालत हुतं."

"मिस्त्री, तसं नाही—"

"मग कसं?"

दीड पानी टिपणात न लिहिलेलं कारण त्यांनी एका वाक्यात बोलून टाकलं होतं.

"तुमाला आठवतंय काय," ते म्हणाले, "सहा वर्सामागं मी तुमाला एक कागद दावला हुता. निपाणीच्या शाळेचा. पोरास्नी सुतारकाम शिकवायला बोलवत हुते. हितल्यापेक्षा पगार जरा जादाच. वर राहायला खोली."

तिला आठवत होतं.

"लेक निपाणीलाच दिलीय माझी. बायकूचं, गंगव्वाचं, एकच म्हणणं हुतं, लेकीजवळ ऱ्हायाचं. ती तवा आजारी पडाय लागली हुती. मी तुमाला विचारलं, अक्का, जाऊ काय? तुमी काय म्हणला?"

"मी तुम्हाला पत्रक दाखवलं."

"दावलं. म्हणला, बगा मिस्त्री, फायद्यातलं खातं सोडून कोण जातं? तुमी गेला तर दुकान बंद पडंल. मी घरी जाऊन गंगव्वाला तेच सांगितलं. म्हटलं, मालकाला माझी गरज हाय, आकडा बघून आलोय." त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली. "तीन वर्सं झाली तिला जाऊन. लेक ऱ्हायली निपाणीत, ही ऱ्हायली हितं."

मृदुला अंत्यविधीला गेली होती. मिस्त्रींच्या लेकीला जवळ घेऊन उभी राहिली होती. त्या दिवशीही तिच्या मनात हे आलं नव्हतं.

"मी चूक केली," ती म्हणाली.

"चूक झाली आसती तर बरं झालं आसतं. चूक मानसाच्या हातनं हुती; ह्ये तर ठरवून केल्यालं." बडिगेरांनी बाकावरून वही उचलून तिच्या हातात दिली. "माझ्या डोक्यातलं काय बी घालू नगा त्या यंत्रात. हाय ते लिवा. तीस वर्सं ह्या दुकानात मी मान वर करून हिंडलो. वाटायचं, आपल्या कामावर उभं हाय. आता आनि परत तुमच्या दयेवर उभं ऱ्हायाचं व्हय?"

तिने डबा बंद केला. भाजी तशीच होती. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून रंध्याचा आवाज सुरू झाला. ते कामाला लागले होते.

*

इंद्रजित तोरस्करांपुढे तिने एकशे बारा ओळींचं पत्रक ठेवलं आणि त्यावर स्वतः लिहिलेला एक कागद.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"ताई, यात तुमचं काय चुकलं? दोन्ही पद्धती बरोबर होत्या. तुम्हीच लिहिलंय."

"दोन्ही बरोबर होत्या, साहेब, म्हणूनच निवड माझी होती."

"आणि हे खाली काय आहे? बडिगेर मिस्त्रींना द्यायची रक्कम?"

"सहा वर्षांच्या पगारातला फरक आणि खोलीचं भाडं. आपल्या पत्रकावर विसंबून त्यांनी एक संधी सोडली. धंद्याने सोडलेली संधी आपण खर्चात मोजतो. धंद्यासाठी माणसाने सोडलेली मोजायला आपल्याकडे रकाना नाही. मी तो आखलाय. कंपनीला जमत नसेल तर माझ्या ग्रॅच्युइटीतून कापा."

इंद्रजित खिडकीकडे बघत राहिले. खाली आवारात ओतकामाच्या पेट्या उतरवत होते.

"कंपनी देईल," ते म्हणाले. "पण या आकड्यात त्यांची बायको नाही."

"नाही," मृदुला म्हणाली. "ते कसं लिहायचं मला कळलं नाही."

मग त्यांनी पत्रकातल्या दुसऱ्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि तुमची ही ओळ. तुमच्याबाबत यंत्र चुकतंय."

"चुकत नाही, साहेब. मीच शिकवलंय त्याला."

"वडील असते तर तुम्हाला जाऊ दिलं नसतं. खातं राहणार नाही, कॉस्टिंग आता गणकाकडे. पण तुम्ही निवृत्तीपर्यंत राहा. सल्लागार म्हणा, काहीही म्हणा."

नाही म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिला घरची दुपार दिसली; बंद खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, फ्रिजचा आवाज. "राहते," ती म्हणाली.

*

पॅटर्न शॉप महिनाभरात रिकामं झालं. दोन हजार प्रतिकृती ट्रकांतून गेल्या. काही एका तंत्रशाळेने नेल्या, बाकीच्या वखारीत. मृदुलाने बडिगेरांना भेटायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ते हत्यारं मोजत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा ते लेकीच्या मोटारीत बसत होते.

"निपाणीची ती जागा अजून आहे का मिस्त्री?" तिने काचेशी वाकून विचारलं.

"तिथं कवाच दुसरा मानूस लागला. आता मी नुसता लेकीच्या घरचा म्हातारा." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. "पैसे पोचले. सायबास्नी सांगा."

"मी येईन एकदा निपाणीला."

बडिगेरांनी तिच्याकडे, मान किंचित वळवून, पाहिलं. "नगा येऊ, अक्का. तुमी आला की मला गंगव्वा आठवंल." मग लेकीला म्हणाले, "चल."

मोटार फाटकाबाहेर वळेपर्यंत ती उभी राहिली. पहारेकऱ्याने तिला सावलीत यायला सांगितलं.

त्यानंतरच्या दुपारी ती टेबलावरच डबा उघडू लागली. पंधरा दिवसांनी डबा करणंच तिने सोडलं. एका माणसाचा स्वयंपाक करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दोघांचा करायला लागतो, आणि एकटीसाठी तो वेळ काढावासा वाटेना. बिस्किटांवर आठवडा गेला. मग एक दिवस चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा ती उठून कँटीनमध्ये गेली.

अठरा वर्षं तिने या कँटीनचा खर्च प्रत्येक खात्यावर पै-पैसा करून वाटला होता. भात किती शिजतो, गॅस किती जळतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण कँटीनच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. ताटं कुठे असतात, रांग कुठून सुरू होते, काही कळेना. लांबलचक बाकांवर निळ्या कपड्यांतली माणसं खांद्याला खांदा लावून जेवत होती, मोठ्याने बोलत होती. तिला बघून दोघा-तिघांनी आवाज खाली केला आणि मग परत चढवला.

वाढणाऱ्या बाईंनी तिच्या हातात ताट दिलं. पन्नाशीच्या, कपाळाला घाम, कमरेला पदर खोचलेला.

"नवीन आलाय व्हय, मॅडम?"

"हो," मृदुला म्हणाली.

बाईंनी डावाने आमटी वाढली, भात वाढला आणि बाजूच्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मृदुलाचा चेहरा आला होता. नाव आलं होतं. पुढचा चौकोन रिकामाच होता.

"तुमचं खातं न्हाई आलं हितं. जेवान कुठल्या खात्यावर घालू?"

"पॅटर्न शॉप," ती म्हणून गेली.

बाईंनी ओला हात पदराला पुसला आणि बोटाने यादी वर सरकवली, खाली सरकवली. मागची रांग खोळंबली होती. कुणीतरी ताट वाजवलं.

"असलं खातं न्हाई हो," बाई म्हणाल्या. "मग कुनाच्या नावावर घालू?"

आमटीची वाफ चष्म्यावर आली होती. मृदुलाने चष्मा काढला नाही.

"माझ्याच घाला," ती म्हणाली, आणि ताट दोन्ही हातांनी धरून बसायला जागा शोधू लागली.